चौथ्या पानावरची सही

थर्मनने तीन पानांवर सह्या केल्या आणि चौथ्या पानावर पेन खाली ठेवलं.

"हे मोठ्यानं वाच," तो बायकोला म्हणाला.

नीव्हाने चष्मा पुसला. मजकूर तिला पाठ होता. फॉर्म महिनाभर फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होता. "औषध म्हणून गांजाचं कार्ड घेणाऱ्या रुग्णाला वॉशिंग्टनच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत, हे मी वाचलं आहे. खाली सही."

"राज्य कार्ड देणार आणि वॉशिंग्टन बंदूक नेणार," दारातून डेल्बर्ट म्हणाला. थर्मनचा हा पुतण्या काखेत जुनं ब्लँकेट घेऊन उभा होता. बंदूक गुंडाळून न्यायला नीव्हानेच त्याला बोलावलं होतं. "काका, टाका सही. सगळे करतात, आणि बंदूक कपाटातच ठेवतात. कोण येतंय बघायला?"

"म्हणजे कागदावर खोटं लिहू?"

"खोटं कसलं? नुसतं वाचलं आहे, एवढंच तर लिहायचंय!"

"वाचायचं आणि पाळायचं नाही. शाळेत तू असाच पास झालास वाटतं."

डेल्बर्ट हसला. नीव्हाही हसली, आणि तिला जरा बरं वाटलं. तिची सगळी भिस्त यावरच होती. एक्कावन्न वर्षांच्या संसारात, जी गोष्ट पाळायची नाही तिच्याखाली थर्मनने कधी सही केली नव्हती. त्याने सही केली की बंदूक घराबाहेर जाणार.

पण थर्मनने पेन उचललं नाही.

"राहू दे," तो म्हणाला.

"डॉक्टरांची चिठ्ठी तीस दिवस चालते. आज एकोणतिसावा. उद्या रविवार, टपाल नाही," नीव्हा हळू आवाजात म्हणाली. "आज गेलं नाही तर पुन्हा शहरात जावं लागेल. तुला ट्रकमध्ये बसवत नाही."

"नाही बसवत."

"त्यांच्या गोळ्या पोटात टिकत नाहीत. काल तू उशी चावत होतास. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

थर्मनने कमरेखाली हात सरकवला. आजार तिथल्या हाडात उतरला होता.

"हरणांच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात असतो, थर्मन."

"ठाऊक आहे."

"आता मार्च चाललाय."

"तेही ठाऊक आहे."

"दारापर्यंत जाताना तू दोनदा थांबतोस. मग कशाला हवी आहे तुला ती?"

त्याने पेनला टोपण लावलं. नीट, टक् आवाज होईपर्यंत.

डेल्बर्टचं हसू गेलं. नीव्हाने त्याच्याकडे पाहिलं, मग आतल्या बोळातल्या बंदुकीच्या कपाटाकडे. त्याने मान खाली घातली. "काकांनी हातात दिल्याशिवाय मी नाही घेणार, काकू. त्यांच्या वडिलांची आहे ती."

उतारावर टपालाच्या जीपचा आवाज आला. तिकीट लावलेलं पाकीट टेबलावर होतं. बाहेर रस्त्याच्या कडेला टपालपेटी, आणि पेटीवरची लाल पट्टी खाली पडलेली. न्यायचं पत्र असलं की ती उभी करायची. जीप हळू झाली. पट्टी खाली बघून पुढे निघून गेली.

थोड्या वेळाने थर्मन मऊ आवाजात म्हणाला, "बुधवारच्या प्रार्थनेला तू तीन आठवडे गेली नाहीस."

नीव्हाने वर पाहिलं.

"बायका विचारत असतील. या बुधवारी जा. डेल्बर्ट नेईल तुला."

डेल्बर्टने ब्लँकेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

नीव्हाने चारही पानं गोळा केली, टोकं जुळवली आणि पुन्हा फ्रिजच्या दारावर लावली. मग कोपऱ्यातली काळ्या अक्रोडांची टोपली उचलली, हातोडी घेतली, आणि आपली खुर्ची ओढत ओढत बोळात नेली. कपाटाच्या दाराला पाठ टेकवून ती बसली.

"अगं, तिथे अंधार आहे," थर्मन म्हणाला.

"असू दे. मी प्रार्थना इथेच करते."

टोपलीतली वीट तिने पायाशी ठेवली, तिच्यावर एक अक्रोड ठेवून हातोडी मारली. तो फुटला नाही. तिने पुन्हा मारली.

बुधवारला अजून चार दिवस होते.