चौदावी चूक

त्या सैतानाच्या सिनेमात धर्माविरुद्ध काय काय दाखवलंय, ते लिहून काढायचं काम फादरनी फिलोमिनाबाईंवर टाकलं होतं. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई. त्यांच्या नजरेतून चूक सुटायची नाही.

केबिन रोडवरच्या दुकानातून भाड्याने आणलेली सीडी हिंदीत डब केलेली होती. तेरा चुका लिहून झाल्या आणि चौदावीपाशी गाडं अडलं. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, आलेली एक बाई जाळीमागून आपली पापं सांगते, आणि पाद्री क्षमा न देता नुसता गप्प बसतो. असं कुठे असतं? बाईंनी मागे नेऊन परत लावलं. गप्पच. उलट आधीपेक्षा जास्त वेळ.

चिडून त्यांनी दुकानात फोन लावला. "जितेश, खराब सीडी देतोस होय रे?"

"आंटी, कालच बघितली मी. तो फादर लगेच माफ करतो की तिला."

"मग मलाच का दिसत नाही?" बाईंनी फोन आपटला.

एक जरी पाप लपवलं तरी क्षमा मिळत नाही, हे मुलांना त्याच शिकवायच्या. स्वतः मात्र बावीस वर्षं, दर ईस्टरच्या कुमसाराला, एक गोष्ट गिळत आल्या होत्या.

पाचव्यांदा लावलं. या वेळी जाळीमागे कुणीच नव्हतं. पाद्री मात्र कान देऊन बसला होता.

बाई रिमोट दाबत राहिल्या. सिनेमा बंद होईना. मग पाद्री त्यांच्याकडे वळला आणि हिंदी सोडून, त्यांच्या उत्तन गावच्या बोलीत, अगदी मायेने म्हणाला, "फिलू, आजून काय ऱ्हायलं हाय?"