वेळोवेळी अमलात असलेला कायदा

राजनंदिनीनं मोबाईल कल्याणप्पांच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर तिचाच फोटो होता, लग्नाआधीचा, आकाशी साडीतला. खाली नाव, गाव, उंची, रास, मोबाईल नंबर. आणि वर ठळक अक्षरांत : ‘सुयोग्य वर पाहिजे.’

“लग्नाला तीन वर्षं झाली, अप्पा. तुमच्या वधू-वर केंद्रातनं हे काल माझ्याच दिराला स्थळ म्हणून आलं. सासूबाईंच्या मोबाईलवर.”

कडेवरच्या बाळानं टेबलावरचा पेन ओढला. तिनं तो त्याच्या मुठीतून सोडवला.

मागच्या खुर्चीत तिच्या सासूबाई द्वारकाबाईंनी नाक मुरडलं. उमरग्याला येताना सबंध वाटेत त्यांचं एकच पालुपद होतं, “तू अजून बाजारात हायेस व्हय गं?” आणि उतरता उतरता बजावलं होतं, “हे निस्तरल्याबिगर घरी येऊ नगंस.”

कल्याणप्पा हसले. “रूप चांगलं असलं की फोटू फिरतोच, बाई.”

“कुणीही फोन करतो. बाळाला पाजत असते, तर विचारतात, रंग खराच हाय का फोटोतला? काढून टाका ते.”

“ह्या ग्रुपातनं त्या ग्रुपात गेलेलं म्या कसं काढू? अन् तुमच्या वडलांनी सही केलीय.” त्यांनी कपाटातून करार काढला, एका ओळीवर बोट ठेवलं. ‘सदर माहितीचा वापर वेळोवेळी अमलात असलेल्या गोपनीयताविषयक कायद्यांच्या अधीन राहून केला जाईल.’ “बघा. समदं कायदेशीर हाय.”

“कुठला कायदा?”

“अमलात असंल तो.”

“नाव काय त्याचं? काय लिहिलंय त्यात?”

“नाव कशाला घालायचं? कायदा बदलत ऱ्हातो. दरवेळी नवे कागद कोण छापंल? वकिलानंच तसं लिहून दिलंय.”

राजनंदिनीची कानशिलं तापली. कायदा बदलतो हे यांना बरोबर कळतं. पोरगी सासरी जाते, आई होते, ते मात्र कळत नाही.

“अप्पा, ही ओळ माझी राखण करायला लिहिलीय. अन् तुम्हीच तिच्या आड लपताय!”

“आवाज खाली. गिऱ्हाईक येतंय इथं.”

बाळ दचकलं, भोकाड पसरून रडायला लागलं. ती त्याला थोपटायला लागली आणि पुढचं बोलणं तिथंच तुटलं. कल्याणप्पांनी करार परत कपाटाकडं नेला.

“ऱ्हाऊ द्या ते,” द्वारकाबाई मागून म्हणाल्या. “आमच्या सुरजला पोरगी बघतोयच आमी. तुमची लेक ज्ञानेश्वरी लग्नाची झाली म्हणं. तिचा फोटू न् नंबर टाका की माझ्या मोबाईलवर.”

कल्याणप्पांचा हात कपाटाच्या दारावरच थांबला.

“छ्या, बाई! घरच्या लेकीचं असं कुणाच्याबी मोबाईलवर टाकत न्हाईत.”

बाळ अजून रडतच होतं.

द्वारकाबाई उठल्या. सुनेच्या कडेवरून बाळ काढून त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं.

“आता बोल,” त्या म्हणाल्या. “म्या धरते ह्याला.”