सासूबाईंचा नकार

आतड्याच्या दुखण्यानं मी इतकी खंगले होते की तान्ह्याला कडेवर घ्यायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी नवं, सलाईनमधून द्यायचं औषध सुचवलं. "पण आधी सांगा, घरात कुणाला टीबी झाला होता? या औषधानं अंगात लपलेला टीबी उसळतो."

सोबत आलेल्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "छे, आमच्यात कुणालाच नाही."

मनवेलपाड्याला घरी पोचल्यापासून मात्र त्यांनी एकच धोशा लावला. "नको गं ते सलाईन. ताक पी, बेलाचा मुरंबा खा." माझ्या मनात पाल चुकचुकली. शेवटी विचारलंच, "आई, मी बरी व्हायला नकोय का तुम्हाला?"

त्यांनी बाहेर पाहिलं. पाहुणे बघायला येणार म्हणून माझी नणंद, उन्नती, पडदे बदलत होती. दार लोटून त्या पुटपुटल्या, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा उन्नी ताकदीच्या गोळ्या घ्यायची ना, त्या टीबीच्या होत्या. एकाच ताटात जेवायचात गं दोघी. पाहुण्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, तू डॉक्टरांना सांग."