केपशिवाय

“मास्तर, खलनायक तापाने फणफणलाय, अंथरुणात पडलाय, तोंडात थर्मामीटर आहे. आणि तरी केप?” संपादकांनी पानावर बोट ठेवून विचारलं.

“थंडी वाजतेय त्याला,” सासरे म्हणाले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून नायकाच्या खांद्यांवरून लोंबणाऱ्या तांबड्या केपला चुण्या काढत बसली होती. हसू आलं ते तिने दाबलं आणि कुंचला पाण्यात बुडवला.

साप्ताहिकातली ही चित्रकथा सासऱ्यांची. सून लग्न होऊन घरात आली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या हाताला कंप सुटला. बारीकसारीक रेघा अजून साधत. केपच्या लांब रेघा मात्र भेदरलेल्या सशासारख्या पळत. “सूनबाई, तेवढी केप बघ गं,” असं ते पहिल्यांदा म्हणाले ते इतक्या संकोचाने, की ती हातातली कणीक तशीच टाकून आली होती. बोट दिलं की हात जातो, हे तिला माहेरी कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण समोरच्याने हात धरला तोही इतक्या मायेने, की ओढून घ्यायला लाज वाटावी.

नायकाला केप, खलनायकाला केप. मध्यंतरी सासऱ्यांनी खलनायकाला सख्खे-चुलत मिळून सात भाऊ बहाल केले, तेही केपवाले. वारा सुटला की केप पुढून गुंडाळली जाई. वारा पडला तरी ती गुंडाळलेलीच असे. हौसेला मोल नसतं म्हणतात. सुनेच्या मानेला मात्र होतं.

आणि आता कापडछपाईच्या कारखान्यात नक्षीकाराची जागा तिला देऊ केली होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “आणि बाबांचं कसं होईल?” मग कूस बदलून घोरायला लागला. सासऱ्यांना तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार काय? त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, कधी कुठे जाऊ नको म्हटलं नव्हतं. दाराला बाहेरून कडी असती तर निदान वाजवता तरी आली असती.

शेवटी तिने हिशेब मांडला. चेहरे बाबांचे, बूट बाबांचे, केप आपली. केप वजा केली की आपण उरतो शून्य. शून्याला कोण अडवून ठेवतं?

म्हणून पान तयार असल्याचं फोनवर कळवताना तिने संपादकांच्या कानावर सहज घातलं होतं, की हल्लीची मुलं केपला हसतात. संपादक दोन दिवस तळमळले आणि आज दारात हजर झाले.

“पोरांना चपळ माणूस हवाय, मास्तर. ही केप पंख्यात अडकेल, लिफ्टच्या दारात अडकेल.”

“अडकू दे. केप काढलीत तर तो नायक कुठला? बँकेतला कारकून वाटेल.”

“बरं, निदान खलनायकाची काढू.”

“केपशिवाय दुष्टपणा म्हणजे नुसता तिरसटपणा,” सासरे म्हणाले. “तो आमच्या घरमालकातही आहे.”

संपादक हसले आणि तिथेच ढिले पडू लागले. मुकुट जड होतो म्हणून राजा तो खुंटीला टांगतो का, असं सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा तर ते मान डोलवायला लागले. आता हातचं जाणार हे सुनेने ओळखलं. तिने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“मला काय कळतंय त्यातलं, भाऊजी,” ती म्हणाली. “पण शेजारची छोटी गळ्याला चादर बांधून टेबलावरून पडली. पाय चांगलाच मुरगळला.”

यात खोटं काही नव्हतं. छोटीने चादर भूत व्हायला बांधली होती, एवढंच सुनेने सांगायचं ठेवलं.

संपादकांचा कप बशीवर परत गेला. आईबापांच्या तक्रारी, मालकांचं तोंड, सगळं त्यांना बसल्या जागी दिसलं असावं. पुढच्या अंकापासून केप बंद, दोघांची, आणि त्या सात भावांचीही, असं सांगून ते उठले. चहा तसाच राहिला.

 सासरे सुनेकडे बघत राहिले. रागावले नव्हते, बघणं भलतंच होतं, चोरी पकडली गेल्यासारखं. म्हाताऱ्या माणसाचा अभिमान दुखावला असेल, असं तिने धरलं आणि तिला थोडं वाईटही वाटलं.

“बरंच झालं ना, बाबा? आता अख्खं पान तुमच्या एकट्याच्या हातचं होईल, पूर्वीसारखं.”

त्यांनी कोरा कागद ओढला. नायकाचा चेहरा काढला, सुरेख उतरला. मान काढली. तिथे पेन्सिल थांबली.

सून कुंचले धूत होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच स्वच्छ. कारखान्याचं नाव जिभेवर आलं होतं. “बाबा, सोमवारी मी...”

“राहू दे, मला कळलं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला आणि ओल्या हातात पेन्सिल ठेवली. “मला गळ्याखाली माणूस कधी काढताच आला नाही गं. खांदे नाहीत, हात नाहीत, काही नाही. म्हणून तर केप घालत आलो सगळ्यांना. तू ओळखलंस आणि ब्र काढला नाहीस. इतके दिवस नुसत्या चुण्या काढत जीव गुदमरला असेल तुझा. आजपासून गळ्याखालची सगळी माणसं तुझी.”