पिवळ्या गालांचं बदक

"काका, पिवळी चोच होती की गाल?" विक्रमने तिसऱ्यांदा विचारलं.

"गाल," सीताराम ओव्हाळ म्हणाले. "गाल पिवळे, त्यामागे हिरवी कोर, आणि डोळ्यापासून खाली गळ्यापर्यंत काळी रेघ. चोच काळपट."

"पुस्तकात अगदी असंच लिहिलंय."

"मग पुस्तक बरोबर आहे."

सुनीती दुर्बिणीआड हसली. विक्रमला गप्प करणारं माणूस त्या दोघांच्या कंपनीत तरी कोणी नव्हतं.

डिसेंबर २००६ मधला रविवार. सकाळचे साडेसहा. विश्रांतवाडीच्या मागे मुळा नदीचा एक फाटा आत वळतो आणि जलपर्णीत थबकतो. एरवी तिकडे नाक दाबून जावं लागतं. गेले बारा दिवस मात्र अकरा इंजिनिअर कानटोप्या घालून, महागडे कॅमेरे रोखून तिथे उभे राहत, आणि नऊच्या आत खराडीला कामावर पळत.

याला कारण सीताराम. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज या काठाने फिरत. गेल्या हिवाळ्यात सुनीती पक्षिगणतीला आली होती, तेव्हा त्यांना आपलं कार्ड देऊन गेली होती. बारा दिवसांपूर्वी तिला त्यांचा फोन आला: फाट्यावर बैकल बदक दिसलंय. सैबेरियाचा पक्षी. तिच्या ग्रुपमधल्या एकानेही तो पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता. तिने ई-मेल टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडून सगळे हजर.

बदक मात्र हजर नव्हतं. थापट्या बदकं दिसली, तलवार बदकं दिसली, हळदी-कुंकू तर रोजचंच. बैकलचा पत्ता नाही.

सीताराम स्वतः पाण्याकडे फारसे बघत नसत. पोरांना जागा हवी म्हणून ते मागे, रस्त्याच्या तोंडाशी उभे राहत. तिथे उभं राहायला कारणही होतं. दिवाळीपासून रोज पहाटे बांधकामांचा राडारोडा भरून ट्रक येत आणि फाट्यात रिकामे होत. निम्मं पाणी बुजलं होतं. सीतारामांनी महापालिकेत दोन अर्ज दिले. तिथे वाचवण्यासारखं आहे तरी काय, असं तोंडी उत्तर मिळालं. त्या उत्तराने त्यांना चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. पण कॅमेरेवाले यायला लागले तसे ट्रक कोपऱ्यावरूनच माघारी वळू लागले.

आजही एक ट्रक कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून उभा होता. ड्रायव्हर घाईत दिसत नव्हता.

सीतारामांच्या पत्नी हिराबाई चहा घेऊन आल्या. विक्रमने कप घेता घेता आपला सिद्धांत मांडला. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला पिवळं असतंच. लांबून, धुक्यात, वयोमानाप्रमाणे तोच रंग गालावर सरकला असेल. काकांचा दोष नाही, चष्म्याच्या दुकानदाराचा आहे.

बाकीचे हसले. हिराबाईंना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी दुसरा कप त्याच्यासमोरून पुढे नेला.

सुनीती सीतारामांजवळ आली. "काका, आज शेवटचा दिवस. उद्यापासून सगळे खडकवासल्याला जायचं म्हणतायत. मी तरी त्यांना किती थांबवू?"

"आणखी एक आठवडा?"

"नाही जमणार."

सीतारामांनी मान हलवली. उद्या पहाटे इथे कोण असणार, हे त्यांना न विचारता कळत होतं. कोपऱ्यावरचा ट्रक अजून तिथेच होता. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

आठ वाजता कोणीतरी कॅमेरा पिशवीत घातला. आणि त्याच वेळी पुलाच्या बाजूने वीसेक चक्रांग बदकं आली, एक गिरकी घेऊन पाण्यावर उतरली. सुनीतीने सवयीने दुर्बीण लावली. मग तिचा डावा हात हळूहळू वर गेला आणि तसाच राहिला.

कोणी हललं नाही.

थव्याच्या कडेला एक नर वेगळा पोहत होता. मोहरीच्या फुलासारखे पिवळे गाल. मागे चमकती हिरवी कोर. काळी रेघ कोणी काजळाच्या बोटाने ओढावी तशी. गुलाबी छातीवर बारीक ठिपके, आणि बाजूला एक पांढरी उभी पट्टी. प्लास्टिकच्या पिशव्या आणि जलपर्णी यांच्यामधून तो शांतपणे पुढे येत होता. हजारो मैलांवरून येऊन त्याने हे घाणेरडं पाणी पसंत केलं, या विचाराने सुनीतीचे डोळे भरून आले.

विक्रमने एकही फोटो काढला नाही. तो नुसता बघत राहिला. बऱ्याच वेळाने तो सीतारामांकडे आला आणि एवढंच म्हणाला, "काका, चुकलो मी."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग फोन सुरू झाले. संध्याकाळपर्यंत शंभर माणसं येणार होती. उद्याच्या वर्तमानपत्रात फोटो येणार होता. आता इथे कोणाची खडा टाकायची हिंमत होणार नाही, असं सुनीती ठासून म्हणाली. कोपऱ्यावरच्या ट्रकने हे ऐकलं नसेल, पण गर्दी पाहून तो मागे गेला.

"काका, या. पहिला मान तुमचा," असं म्हणत तिने सीतारामांना मोठ्या दुर्बिणीपाशी उभं केलं.

ते वाकले. किती तरी वेळ वाकलेलेच राहिले. हिराबाईंनी जवळ जाऊन पाहिलं तर त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"मागच्या वेळी पाहिलंत ते हेच का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

सीतारामांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही.

"मागची वेळ कसली, हिरा," ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "आयुष्यात आज पहिल्यांदा बघतोय."