मात्सुनागा गुरुजींची शिष्या

उशिजिमाबाई दारात बूट काढून ते नीट बाहेरच्या दिशेने वळवून ठेवत होत्या, आणि आत मात्सुनागा गुरुजी अर्धवट शिवलेल्या गोधडीवर पाय ताणून घोरत होते.

"गुरुजी आहेत ना घरी?" बाईंनी विचारलं. हातात रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा होता. "आज त्यांना भेटल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच आलेय मी."

शिगेनो वाट अडवून उभी राहिली. घोरणाऱ्याच्या आणि बाईंच्या मध्ये फक्त एक कागदी सरकतं दार होतं.

सगळी चूक तिच्या जिभेची. गेल्या महिन्यात बाजारात बाईंनी तिची एक गोधडी उलटीपालटी करून पाहिली, विकत घेतली आणि विचारलं, "कुणाकडे शिकलात?" कुरुमे गावात हा प्रश्न कुणाला चुकत नाही. इथे चहा घोटायला गुरू लागतो, फुलं खोचायला गुरू लागतो, आणि उशिजिमाबाईंच्या वसंत प्रदर्शनात तर गुरूच्या नावाशिवाय टेबलच मिळत नाही. शिगेनो शिकली होती ती सासूची जुनी रजई उसवून उसवून. ते सांगायची लाज वाटली, आणि घाईघाईत तोंडाला आलं ते नाव तिने ठोकून दिलं. मात्सुनागा म्हणजे घरचा बोका. मात्सुनागा नावाच्या मासेवाल्याच्या दुकानातून तो एक दिवस आपल्या पायांनी चालत आला, म्हणून त्याला तेच आडनाव चिकटलं. बाईंना मात्र आपल्याला एखादं नाव ठाऊक नाही हे कबूल करणं जड गेलं असावं. "हां हां, मात्सुनागा गुरुजी," त्या मान डोलावून म्हणाल्या होत्या. "फार ऐकलंय त्यांच्याबद्दल."

ते टेबल शिगेनोला हवंच होतं. डबे भरायच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने पुढच्या खोलीत गोधड्यांचं दुकान थाटलं होतं. शेजारणींनी कौतुकाने एकेक नेली, आणि मग शेजारणी संपल्या. प्रदर्शनात नाव झालं तर दुकान चालणार होतं. नाहीतर पुन्हा पांढरी टोपी चढवून दिवसभर भाताच्या मधोमध एकेक खारवलेला आलुबुखार ठेवत बसायचं.

"गुरुजी जरा पडलेत," ती म्हणाली. एवढं मात्र खरं होतं.

"वयोमानाने व्हायचंच. मी बसते की."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या नवऱ्याचा, योइचीचा, आवाज कडाडला. "मात्सुनागा! चोरट्या, इथला बांगडा कुठे गेला? फुकटचं गिळतोस, दिवसभर लोळतोस आणि वर माझ्याच ताटावर डल्ला? थांब, आज मानगुटीला धरून बाहेर काढतो तुला!"

उशिजिमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमच्या घरात गुरुजींशी असं बोलतात?"

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. शिगेनोने दार सरकवलं, गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं. "खोटं बोलले मी, बाई. गुरुजी वगैरे कुणी नाहीत. मात्सुनागा म्हणजे हा. आमचा बोका."

बाई आत गेल्या, खाली बसल्या, बोक्याला धक्का न लावता गोधडीचा कोपरा उलटा केला आणि टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. शिगेनोला ती पांढरी टोपी डोळ्यांपुढे दिसायला लागली.

"गोधडी मधून काठाकडे शिवत न्यायची," बाई म्हणाल्या. "उभा जन्म मी पोरींना हेच शिकवत आले. तुमचे टाके उलटे, काठाकडून आत येतात. म्हणून सगळा कापूस मध्ये गोळा होतो आणि गोधडी फुगते."

"चुकलंच माझं."

"माझी नात त्या फुगवट्यावर गाल ठेवून झोपते. दुसरं पांघरूण अंगाला लावून घेत नाही. मी घरी करून पाहिलं, नाही जमलं. म्हणून तर तुमच्या गुरुजींना शोधत आले." त्यांनी कोपरा खाली ठेवला. "खरं सांगा, काठाकडून सुरुवात करायला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही हो. गोधडी अंथरली की हा येऊन बरोब्बर मधोमध बसतो. उठवायला गेलं की ओरबाडतो. मग मी आपली कडेकडेने शिवत बसते, आणि हा उठला की मधलं उरकते."

"दरवेळी?"

"दरवेळी. एकही गोधडी सोडली नाही त्याने."

बाई बोक्याकडे वळल्या. मग त्यांनी किमोनो सावरला, पाय मुडपून ताठ बसल्या आणि मिठाईचा डबा दोन्ही हातांनी बोक्यासमोर सरकवला. चटईवर हात टेकून त्या वाकल्या, मघाशी शिगेनो वाकली होती त्याहूनही खाली.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आपल्या शिष्येला प्रदर्शनाला पाठवा. खिडकीजवळचं टेबल राखून ठेवते."

मात्सुनागाने एक डोळा उघडला आणि मिटला. शिगेनोला एकदम हसू आणि रडू दोन्ही फुटलं.

रिकामी ताटली घेऊन योइची दारात येऊन उभा राहिला. "अहो बाई, त्याला कसला नमस्कार करताय? माझा अख्खा बांगडा खाल्लाय त्याने!"

"गुरुदक्षिणा समजा," उशिजिमाबाई मान न उचलता म्हणाल्या.