तीन हिसके

"गेनबा, आता तुमीच," असं म्हणून साहेबरावानं दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं.

गेनबाला पोहता येत नव्हतं.

ही गोष्ट गावात एकालाही ठाऊक नव्हती. ठाऊक कशी असणार? मुंबईच्या बंदरात वीस वर्षं काढून तो परत आला, तेव्हापासून रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून तो समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगत आला होता. बुडालेल्या जहाजांतला माल वर काढायचं त्याचं काम. कथलाच्या विटा, तांब्याच्या तारेची भेंडोळी, एकदा तर शिवणयंत्रांनी भरलेली आख्खी कोठी. तळाला काळोख असतो, तिथं डोळे कामाचे नाहीत, हातानं बघायचं, असं तो सांगायचा. ज्यांनी धरणापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, ती माणसं तोंडात बोटं घालून ऐकायची. आणि प्रत्येक गोष्टीत पाण्यात उतरणारा गेनबाच असायचा.

त्याची बायको केव्हाच गेली होती. पोरबाळ नव्हतं. पार उठला की वाडीच्या टोकाचं ते घर त्याला खायला उठायचं. माणसांत बसायला मिळायचं ते तेवढंच. त्यासाठी चार थापा मारल्या तर कुणाच्या बापाचं काय जातं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

आज त्या थापा अंगाशी आल्या होत्या. काल वारा सुटला आणि भर धरणात होडी उलटली. माणसं पोहून काठाला लागली, पण गावकीची भांडी तळाला गेली. हंडे, पराती, घंगाळं, सात पातेली आणि ती मोठी तांब्याची काहील. दोन्ही काठांच्या वाड्यांतली सगळी लग्नं याच भांड्यांवर व्हायची. रतनबाईच्या लेकीच्या अक्षता दोन दिवसांवर आल्या होत्या. रतनबाई काठावर उभी होती. तिच्या घरात मोजून दोन पातेली होती.

वैशाखातलं उतरलेलं पाणी, तरी चार पुरुष खोल. जागा नक्की होती, कारण समोरच्या वडाची खूण नावाड्यानं लक्षात ठेवली होती, आणि आज दुसरी होडी नेमकी तिथंच आणून उभी केली होती. आता उतरायचं तेवढं बाकी होतं. दोन्ही काठांवरची माणसं गेनबाकडे बघत होती.

गेनबानं दोरी कमरेला गुंडाळली. गाठ मारली. खाली पाण्याकडे पाहिलं. मग गाठ सोडली.

"म्या कंदी उतरलोच न्हाई," तो म्हणाला. "उतरायचा त्यो ज्ञानू कोळी. म्या वर बसून त्याची दोरी धरायचो."

ज्ञानू हे नाव त्यानं पारावर कधी काढलंच नव्हतं. साहेबराव हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. काठावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. म्हातारा इतकी वर्षं आपल्याला चुना लावत होता, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. गेनबानं मान खाली घातली. उद्यापासून पार आपल्याला बंद, हे त्याला न सांगताच कळलं.

भिमानं सदरा काढला. भिमा धरणात मासे धरायचा, चाळिशीचा धट्टाकट्टा गडी, पण एवढ्या खोल गाळात तोही कधी गेला नव्हता.

"दोरी तर धरता येती न्हवं?" त्यानं विचारलं. "मग धरा."

गेनबानं त्याला खुणा सांगितल्या. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोडा. तीन म्हणजे वर ओढा. दुसरी दोरी भांड्यांसाठी, ती साहेबरावानं धरली.

भिमा दम रोखून खाली गेला. एक हिसका. मग तीन. तो वर आला आणि मागोमाग पातेलं आलं. असं पुन्हा पुन्हा झालं. हंडे आले, पराती आल्या. काठावर रतनबाई एकेक भांडं पदरानं पुसून पालथं घालत होती. गेनबा मात्र भांड्यांकडे बघतच नव्हता. वैद्यानं नाडी धरावी तशी त्यानं दोरी धरली होती, आणि डोळे मिटून घेतले होते.

शेवटी काहील राहिली. भिमा खाली गेला. एक हिसका आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

गेनबानं डोळे उघडले आणि दोरी ओढायला लागला.

साहेबरावानं त्याचा हात धरला. तीन हिसके कुठं आलेत, काहील जड आहे, नीट बांधू दे त्याला, असं तो म्हणत होता. गेनबानं हात झटकला. "वढा," तो म्हणाला, आणि असा म्हणाला की साहेबरावही ओढायला लागला.

भिमा वर आला तो मान टाकून. कपाळाला खोक पडली होती. त्याला होडीत पालथा घालून पाठ चोळली, तेव्हा भडाभडा पाणी आलं आणि मग खोकला आला. काहिलीचा काठ कपाळावर आदळला, पुढचं काही आठवत नाही, एवढंच तो बोलला.

काहील तळालाच राहिली. तिची आठवण कुणी काढली नाही. होडी काठाकडे वळली. गेनबा ओल्या दोरीचे वेढे घालत बसला होता. साहेबराव त्याच्याजवळ सरकला.

"खूण आली नव्हती," तो हळूच म्हणाला. "तुमी वाट का न्हाई बघितली?"

गेनबानं शेवटचा वेढा घातला.

"ज्ञानूच्या येळी बघितली व्हती."